‘आई, आज अ‍ॅक्टिव्हिटी नको ना’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्याजवळच्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आईचं हे पत्र आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सिनिअर केजीला. जूनमध्ये पहिलीत जाईल. नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. सासूबाई गावाहून येऊन यांच्याकडेच राहतात, दुपारभर नात त्यांच्यापाशी असते. आई साडेसहाला घरी पोचते. खेळता खेळता शिकणं व्हावं म्हणून त्यांनी दर महिन्याला घरपोच येणारा अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स लावला आहे. रोजच्या पाऊण तासाचं वेळापत्रक भिंतीवर आहे. पूर्ण केलेल्या प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला एक स्टिकर आणि दहा स्टिकर झाले की छोटं बक्षीस. शिवाय आठवड्यातून दोनदा फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारा, क्लास. सुरुवातीला मुलगी खूश होती. आता वेळ झाली की ‘आई, आज अ‍ॅक्टिव्हिटी नको ना’ म्हणते, नाहीतर आधी ‘किती स्टिकर मिळणार?’ असं विचारून घेते. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर इतर मुलांचे फोटो रोज येतात आणि आपली मुलगी मागे पडतेय असं वाटत राहतं. ‘परवा हिनेच आजीबरोबर तासभर बसून मटार सोलले. म्हणजे तिला लक्ष देता येतं, फक्त माझ्याबरोबर द्यायचं नाही,’ असं त्या लिहितात. सासूबाई म्हणतात, ‘पोरीला जरा मोकळं सोड.’ नवऱ्याचंही तेच मत. त्यांचे प्रश्न असे: कोणत्या अ‍ॅक्टिव्हिटी घेतल्या तर मजाही येईल आणि शिकणंही होईल? रोज किती वेळ घ्यायच्या? आणि आजीचे जुने खेळ हा नुसता टाइमपास आहे, की त्यांचा खरंच काही उपयोग होतो?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. साडेपाच वर्षांची मुलगी एका जागी तासभर बसून मटार सोलते, ही लहान गोष्ट नाही. त्या तासात काय काय झालं असेल ते आधी बघू, म्हणजे तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे जाणं सोपं होईल.

शेंग कुठे दाबली की फुटते हे तिला शोधावं लागलं असेल. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची जी पकड त्यासाठी लागते, तीच पुढे पेन्सिल धरताना लागते. टपोरे दाणे, कोवळे दाणे, किडका दाणा हे तिनं वेगळं केलं असेल, म्हणजे वर्गीकरण झालं. ‘आजी, हिच्यात आठ निघाले!’ असं ती ओरडली असेल, म्हणजे मोजणं आणि तुलना झाली. पुढची शेंग हातात घेऊन ‘यात किती असतील?’ असा अंदाज केला असेल. मधूनच चार दाणे तोंडात गेले असतील. आजीनं शेतातली एखादी गोष्ट सांगितली असेल आणि हिनं त्यावर प्रश्न विचारले असतील. रात्री त्याच मटारची उसळ ताटात आली आणि ‘हे मी सोललेत’ म्हणायची संधी मिळाली. या सगळ्यात तिला कुणी घाई केली नाही, कुणी चूक काढली नाही, कुणी फोटो काढला नाही. कंटाळा आला असता तर ती उठून जाऊ शकली असती, आणि तरीही ती बसली.

तुमच्या पाऊण तासाच्या वेळापत्रकात नेमकी ही उठून जायची मुभा नाही. म्हणून तिला तुमच्याबरोबर लक्ष द्यायचं नाही, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. तिला तुम्ही हव्याच आहात. दिवसभर शाळेत सांगितलेलं केल्यावर घरी आलेली आई पुन्हा बाईंसारखी समोर बसते, ते तिला नको आहे. ‘आई, आज अ‍ॅक्टिव्हिटी नको ना’ या वाक्यात ‘आई नको’ असं कुठेही नाही.

‘मजाही येईल आणि शिकणंही होईल’ असं तुम्ही विचारता तेव्हा त्यामागे एक गृहीत आहे, ते मला जरा बाजूला काढून पाहावंसं वाटतं. शिकणं मुळात कडू आहे आणि ते पोटात जावं म्हणून त्यावर मजेचा गूळ लावायचा, असं ते गृहीत आहे. मोठ्यांच्या बाबतीत ते कधी खरं असेल. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला शिकण्याची ओढ आधीपासूनच असते. दिवसभरातले तिचे ‘का’ मोजून बघा. खेळ हे तिच्या शिकण्यावरचं वेष्टण नसतं, तिची शिकायची रीतच ती आहे. आपण ठरवलेलं उत्तर तिच्याकडून काढून घ्यायचं आणि त्याला खेळ म्हणायचं, हे मुलांना फार लवकर कळतं. रंगीत मणी ठरलेल्याच क्रमाने ओवायचे असतील, नाहीतर स्टिकर नाही, तर तो खेळ उरत नाही. रंगीत झाला तरी तो स्वाध्यायच असतो.

आता स्टिकरबद्दल. हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगते, कारण अनेक घरांत हेच चाललेलं असतं आणि सगळेच चांगल्या हेतूने करत असतात.

1973 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. आपणहून स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं छान प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. नंतर वर्गात मोकळ्या वेळी तेच पेन ठेवले आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते पाहिलं. बक्षीस कबूल करून चित्रं काढून घेतलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. आवडीचं काम ‘कशासाठी तरी’ करायचं झालं की त्यातली गोडी आटते, ती अशी. तुमची मुलगी ‘किती स्टिकर मिळणार?’ विचारते तेव्हा ती लबाडी करत नाही. या कामाची किंमत स्टिकरमध्ये असते असं आपणच तिला सांगितलं, आणि ती ते नीट शिकली आहे.

पण तक्ता उद्याच फाडून टाकू नका. तिला ती शिक्षा वाटेल. चालू असलेले दहा स्टिकर पुरे होऊ द्या, कबूल केलेलं बक्षीस द्या आणि पुढचा तक्ता लावूच नका. तिनं विचारलं तर खरं ते सांगा: ‘आता आपण नुसतं खेळायचं ठरवलंय.’ पहिले काही दिवस ती मागेल, कदाचित रुसेलही. तेवढं सोसा. ‘व्वा, छान’ असं मोघम म्हणण्यापेक्षा तिनं काय केलं ते तिला सांगा, ‘तू या घराला जिना बाहेरून काढलास!’ असं. किंवा काहीच न बोलता शेजारी बसा. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, आजीच्या खेळांबद्दलचं उत्तर मी आधी देते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ हा खेळ तुम्हीही खेळला असाल. म्हशीला बोट वर गेलं की बाद. किंवा ‘शिवाजी म्हणतो’. ‘शिवाजी म्हणतो, उभे राहा’ म्हटलं तर उभं राहायचं, पण नुसतं ‘बसा’ म्हटलं तर बसायचं नाही. यात मुलाला काय करावं लागतं? ऐकायचं, नियम डोक्यात धरून ठेवायचा आणि शरीर आपसूक करू पाहतंय ती हालचाल रोखायची. स्वतःला आवरण्याची ही क्षमता याच वयात भराभर वाढत असते, आणि वर्गात बसून शिकताना ती अक्षरओळखीइतकीच कामी येते. बालमानसशास्त्रज्ञ ती पाहण्यासाठी मुलांना जे खेळ देतात, ते ‘शिवाजी म्हणतो’च्या जवळचेच असतात. डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा, अशा धर्तीचे. ‘आईचं पत्र हरवलं’मध्ये कुणाच्या पाठीमागे रुमाल पडला याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. सागरगोट्यांत एक वर उडवून तो खाली यायच्या आत जमिनीवरचे दोन उचलायचे असतात. डोळा, हात आणि वेळेचा अंदाज यांचा मेळ बसल्याशिवाय ते जमत नाही. शिवाय दोन-दोन, तीन-तीन उचलताना एका संख्येचे किती तुकडे पडतात हे बोटांना कळतं.

आणि सापशिडी. हिच्यावर तर चांगलं संशोधन झालं आहे, म्हणजे तिच्यासारख्याच, आकडे ओळीने मांडलेल्या पटावर. 2008 मध्ये गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना 1 ते 10 आकड्यांच्या साध्या पटावर खेळवलं. दोन आठवड्यांत जेमतेम पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. तेवढ्यावर मुलांचं मोजणं, आकडे ओळखणं, कोणती संख्या मोठी ते सांगणं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनीही ते टिकून होतं. ज्यांनी आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर तोच खेळ खेळला, त्यांच्यात असा फरक पडला नाही. सीगलर यांनी एलिडा लास्की यांच्याबरोबर पुढे केलेल्या अभ्यासात आणखी एक बारकावा सापडला, तो तुम्ही आज रात्रीपासून वापरू शकता. सोंगटी 17 वर आहे आणि 4 पडले, तर आपण मुलांना ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत घरं मोजायला लावतो. त्याऐवजी ‘अठरा, एकोणीस, वीस, एकवीस’ असं घरातला आकडा वाचत पुढे गेलं, तर शिकणं जास्त होतं. ती चुकेल, वीसनंतर अडखळेल. तुम्ही शेजारी हळूच म्हणा. आजीने मराठीत म्हटलं आणि तुम्ही इंग्रजीत म्हटलं तरी काही बिघडत नाही. पट घरात नसेल तर जुन्या कॅलेंडरच्या मागे आखा, साप तिलाच काढू द्या. मग ती साप कुठे ठेवायचे याचा विचार करायला लागते, आणि तो विचार नुसतं खेळण्यापेक्षाही सरस असतो.

मग हे जुने खेळ टाइमपास कसे? आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया ज्यांनी घातला, त्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे 1945 मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, तिथून कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं डहाणूच्या आदिवासी पाड्यात कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, गारगोट्या, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नव्हती तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथली. 1975 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि पुढे तो शब्द देशभर गेला. ज्या वस्तूंना आज आपण ‘बॉक्समध्ये काय आलंय’ म्हणून पैसे मोजतो, त्यातल्या बऱ्याच वस्तू तुमच्या सासूबाईंच्या ओट्यावरच्या डब्यांत आहेत: राजमा, चिंचोके, हरभरे, सुतळी, झाकणं.

बॉक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यातला कागद, कात्री, डिंक, भिंग हे सगळं चांगलं असतं. अडचण त्याबरोबर येणाऱ्या सूचनांच्या कार्डाची आहे. एक करून बघा. पुढचा बॉक्स आला की कार्ड काढून घ्या आणि सामान तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवून द्या. तिनं त्याचं काहीही केलं तरी चालेल, काहीच नाही केलं तरी चालेल. महिनाभर ते नुसतं पडून राहिलं, तर वर्गणी पुढे चालू ठेवायची का ते आपोआप ठरेल.

फोनिक्सच्या क्लासबद्दल मी एवढंच विचारेन: तिला तिथे जायला आवडतं का? तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. आवडत असेल तर जाऊ दे. तिथल्या मैत्रिणी, बाई आवडत असतील, तेही कारण पुरेसं आहे. आवडत नसेल तर बंद करताना मनात भीती ठेवू नका. वाचनाचा पाया अक्षराच्या आधी आवाजात असतो. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये दाखवलं की चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज, यमकं किती ओळखता येतात, याचा त्यांच्या पुढच्या वाचनाशी जवळचा संबंध असतो. त्यासाठी क्लासच हवा असं नाही. बडबडगीतं, कोडी, भेंड्या हे आवाजाचेच खेळ आहेत. बसमधून जाताना ‘क’ने सुरू होणाऱ्या किती गोष्टी दिसतात ते शोधा. ‘कमळ’ला तीन टाळ्या, ‘बस’ला दोन. ‘भाजी’शी जुळणारा शब्द? ती ‘राजी’ म्हणेल, ‘टाजी’ म्हणेल. ‘टाजी’ला अर्थ नाही म्हणून थांबवू नका, यमक तर जमलं ना.

आणि घरात मराठी बोलल्याने इंग्रजी मागे पडेल, ही धास्ती मला बऱ्याच पत्रांत दिसते, तुमच्या पत्रातही ओळींमधून दिसते. मुलाला गुंतागुंतीची वाक्यं, कारणं, ‘जर-तर’, गोष्ट रचणं हे सगळं ज्या भाषेत प्रेमाची माणसं बोलतात त्या भाषेत आधी येतं आणि तिथून दुसऱ्या भाषेत जातं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. शाळा इंग्रजी आहे तर इंग्रजी तिथे होईल. घरी मराठीत गोष्टी भरपूर होऊ द्या. पुस्तक वाचताना मध्येच थांबून ‘आता ही काय करेल गं?’ विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीच गोष्ट तिला सांगू द्या, तुम्ही ऐका. ती पानं उलटसुलट करेल, शेवट बदलेल. करू द्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला, कोणती अ‍ॅक्टिव्हिटी, याला एकच उदाहरण द्यायचं तर मी दिवाळीच्या किल्ल्याचं देईन. आपल्या मुलांसाठी याहून चांगला प्रकल्प मला तरी माहीत नाही, आणि तो कुणाही शिक्षणतज्ज्ञाने आखलेला नाही.

दगड, फुटक्या विटा जमवायच्या. त्यावर गोणपाट चिखलात बुडवून पसरायचं. उतार फार उभा केला तर माती घसरते, मग पुन्हा लिंपायचं. पाणी जास्त झालं तर ढासळतं, कमी झालं तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. अळीव पेरायचे, आणि ते किती दिवसांनी उगवतात हे रोज सकाळी उठून बघायचं. म्हणजे दिवाळीच्या किती आधी पेरायचे याचा हिशेब पुढच्या वर्षी मुलं स्वतः करतात. तळं करायचं तर खाली प्लास्टिक हवं, नाहीतर पाणी जिरतं. मावळा दरवाजापेक्षा मोठा दिसतोय, मग दरवाजा मोठा करायचा की मावळा बदलायचा? आठवीतला दादा बुरूज करतो, पहिलीतली मुलगी माती कालवते, शेजारच्या घरातून कुणीतरी टिकाव आणतं, भांडण होतं, मिटतं. यात विज्ञान, भूमिती, इतिहास, शेती, आखणी आणि माणसांशी जुळवून घेणं, सगळं आलं. राजगड, रायगड, शिवनेरी यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातला एखादा आधी जाऊन पाहिला आणि मग केला तर फारच उत्तम.

पण इथेही मोठी माणसं शिरतात. सोसायटीत स्पर्धा लागते, मग बाबा रात्री जागून थर्मोकोलचे बुरूज कापतात आणि मुलं बाजूला उभी राहून बघतात. नाहीतर दुकानातून प्लास्टरचा तयार किल्ला येतो. तो दिसतो देखणा, पण त्यात करायला मुलांना काही उरत नाही. म्हणून कुठलीही अ‍ॅक्टिव्हिटी निवडताना एवढंच पाहा: यात हात कुणाचे लागणार आहेत, आणि ती बिघडली तर चालणार आहे का? बिघडायची मुभा असेल तर शिकायला जागा आहे.

दिवाळी दूर आहे, पण वर्षभर असं काही ना काही येतच असतं. उन्हाळ्यात गावी सांडगे, पापड, कुरडया होतात तेव्हा तिला पापडाच्या लाट्या करायला बसवा, कागदावर वाळत घातलेले राखायला बसवा. रोजच्यात कणकेचा एक गोळा तिचा. पोळीचा नकाशा झाला तरी तव्यावर टाका आणि तिच्या ताटात वाढा. भाजीवाल्याकडे सुट्टे पैसे तिला देऊ द्या. या कामांना वेगळा वेळ काढावा लागत नाही. नोकरी करणाऱ्या आईसाठी ही फार मोठी सोय आहे.

किती वेळ, याचं उत्तर त्यामुळे पाऊण तास असं नाही. तुम्ही साडेसहाला दमून येता. चहा घ्या, दहा मिनिटं बसा. मग पंधरा-वीस मिनिटं अशी ठेवा की फोन दुसऱ्या खोलीत आणि काय खेळायचं ते तीच ठरवणार. ती भातुकली मांडेल आणि तुम्हाला पाहुणी करेल. तुम्ही चहा प्या, साखर कमी पडली म्हणा. इथे शिकवायचा मोह येतो, ‘कप किती आहेत मोज बघू’ असं तोंडावर येतं. ते गिळा. बाकी वेळ ती तुमच्या आसपास, स्वयंपाकघरात. आणि रोज तासभर तरी धावणं, उड्या, सायकल, घाम येईल असं काही. पाच वर्षांवरच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही एवढंच सांगते. पाऊण तासाच्या टेबलावरच्या कामातून वाचलेला वेळ तिथे द्या.

कधी कधी ती ‘मला कंटाळा आलाय’ म्हणत येईल. लगेच काही काढून देऊ नका. ‘बरं’ म्हणा आणि आपलं काम चालू ठेवा. थोडा वेळ भुणभुण होईल, मग ती उशा रचायला लागेल.

‘मोकळं सोड’ हा घरच्यांचा सल्ला मात्र मी अर्धाच मान्य करेन. मोकळं सोडणं म्हणजे टीव्हीपुढे किंवा मोबाइल देऊन सोडणं असेल, तर त्यापेक्षा तुमचं वेळापत्रक बरं. मुलांना मोकळीक हवी, पण आसपास वस्तू, माणसं आणि बोलणं हवं. तुमच्या यजमानांना सांगा की नुसतं मत देऊन चालणार नाही. सुट्टीच्या दिवशी सायकलचं चाक काढणं, बल्ब बदलणं, गाडी धुणं यात मुलीला बरोबर घ्यायचं. पाना कोणता लागेल हे तिनं शोधायचं.

पहिलीत जाताना तिला काय यायला हवं, याची माझी यादी छोटी आहे. डबा स्वतः उघडता यावा, शू लागली तर बाईंना सांगता यावं, आपली पाळी येईपर्यंत थांबता यावं, गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगता यावी, आणि काही अडलं तर रडण्याआधी एकदा करून बघावंसं वाटावं. लिहिणं-वाचणं पहिलीचं काम आहे, पहिलीत होईल. मात्र बाहेरच्या माणसांना तिचं बोलणं समजत नसेल, दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर दुसरी कायमच निसटत असेल, इतर मुलांमध्ये ती अजिबात मिसळत नसेल, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघत असेल किंवा आधी येत असलेलं काही येईनासं झालं असेल, तर अ‍ॅक्टिव्हिटी शोधत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान आणि डोळे तपासून घ्या. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. हे इतर वाचकांसाठीही लिहिते आहे.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत, त्यांनी गावाकडच्या आजीला व्हिडिओ कॉलवर रोज एक कोडं घालायला सांगावं. परदेशातल्या मराठी घरांत हे फार छान चालतं. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं. ज्यांचं घर एका खोलीचं आहे, त्यांना पसारा परवडत नाही. त्यांनी एक चादर ठरवावी, खेळ त्या चादरीवर, आणि झालं की चारही कोपरे धरून पिशवीत.

आता सासूबाई. मुलीचा सगळ्यात मोठा वेळ त्यांच्यापाशी जातो, आणि तुमच्या पत्रात त्यांना काय अडचण येते हे कुठेच नाही. त्यांच्याशी एकदा निवांत बोला. दुपारी नात कधी कंटाळते, त्या स्वतः कधी दमतात, मोबाइल नाइलाजाने कधी द्यावा लागतो? मागच्या वेळी गावाहून येताना सागरगोटे आणले नसतील तर पुढच्या वेळी आणायला सांगा, आणि शिकवताना तुम्हीही शेजारी बसा. त्यांचे गुडघे दुखत असतील तर चार वाजता नातीला खाली बागेत नेण्याचं काम त्यांच्यावर टाकू नका. त्यासाठी आयांच्या त्याच ग्रुपवर विचारा, ‘संध्याकाळी मुलांना खाली खेळायला नेण्याची पाळी लावायची का? शनिवारी मी नेईन.’ फोटो टाकणाऱ्यांपैकी दोघी-तिघी तरी लगेच हो म्हणतील, कारण साडेचार ते साडेसहा हा प्रश्न त्यांच्याही घरी आहे.